नियमशास्त्र : ओझे की वाट?

आपल्या रविवारच्या शाळांतून, आणि कधीकधी उपासनेतील उपदेशांतूनही, ‘परूशी’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. एखादा मनुष्य दिखाऊ धार्मिक असला, की त्यास परूशी म्हणून आपण मोकळे होतो. त्याच ओघात ‘नियमशास्त्र’ ह्या शब्दासही एक उदास छटा येऊन बसली आहे. मुलांच्या मनावर जे चित्र उमटते ते साधारणतः असे : एका बाजूस कोरडे नियम, त्यांच्या ओझ्याखाली वाकलेले यहूदी लोक आणि चुका टिपून ठेवणारा देव, दुसऱ्या बाजूस प्रीती, कृपा, स्वातंत्र्य आणि आपण. हे चित्र शिकवावयास सोपे आहे. ते खरे आहे काय, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे विचारार्थ ठेवीत आहोत.

हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याची आपणांस मनाई आहे. ती साक्ष एका माणसाविरुद्ध असो की सबंध लोकसमाजाविरुद्ध, मनाई तीच. ज्या मार्टिन ल्यूथर यांचे आपण प्रॉटेस्टंट लोक ऋणी आहोत, त्यांनीच १५४३ मध्ये यहूद्यांविरुद्ध एक पुस्तक लिहिले व त्यांची सभास्थाने जाळावीत असा सल्ला त्यात दिला. पुढे युरोपात जे घडले ते सर्वांस ठाऊक आहे. अमेरिकेतील इव्हँजेलिकल ल्यूथरन मंडळीने १९९४ मध्ये त्या लिखाणाचा जाहीर निषेध केला, तोवर साडेचार शतके लोटली होती. वर्गात सहज म्हणून सांगितलेली गोष्ट किती दूर जाते, ह्याचे भान शिक्षकाने ठेवावे, एवढ्याचसाठी हा उल्लेख.

प्रथम शब्दाकडे पाहू. आपण ज्यास नियमशास्त्र म्हणतो त्याचे हिब्रू नाव ‘तोरा’. ह्या शब्दाचा मूळ अर्थ शिकवण, दिशा दाखविणे. ख्रिस्तपूर्व काळात शास्त्राचे ग्रीक भाषांतर झाले तेव्हा ‘तोरा’साठी कायदा ह्या अर्थाचा ग्रीक शब्द घेतला गेला, आणि बापाने लेकराला बोट धरून शिकवावे हा त्यातील ओलावा पुष्कळसा आटला. दुसरा शब्द ‘हलाखा’. नियमांचे रोजचे आचरण कसे करावे ह्याविषयीच्या निर्णयांस यहूदी लोक हलाखा म्हणतात. त्याच्या मुळाशी ‘चालणे’ हा धातू आहे. मराठी माणसास हे समजावयास अडचण पडू नये. आपणही ‘चालरीत’ म्हणतो, ‘चालचलणूक’ म्हणतो, आणि एखाद्याचे वागणे बरे नसले तर त्याची चाल बरी नाही असे म्हणतो. हलाखा म्हणजे देवासमोर चालण्याची रीत.

आता क्रमाकडे पाहू, कारण क्रमात फार मोठा अर्थ आहे. निर्गमाच्या पुस्तकात दहा आज्ञा विसाव्या अध्यायात येतात. त्यापूर्वीच वल्हांडण झालेला आहे, समुद्र दुभंगलेला आहे, लोक मिसर देशाबाहेर पडलेले आहेत. देवाने गुलामांस असे सांगितले नाही की, आधी नियम पाळा, मग सोडवीन. आधी सोडविले, मग नियम दिला. यहूदी परंपरा दहा वचने मोजते तेव्हा पहिले वचन आज्ञेचे नाहीच. मिसराच्या दास्यातून सोडविणारा तो मीच, ही देवाने करून दिलेली स्वतःची ओळख तेच पहिले वचन. म्हणजे कृपा पहिली व आज्ञा दुसरी, हा क्रम नव्या कराराने प्रथम शोधून काढला असे नव्हे. १९७७ मध्ये ई. पी. सँडर्स ह्या अभ्यासकांनी पौल व पॅलेस्टाइनमधील यहूदी धर्म ह्या विषयावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी त्या काळचे यहूदी साहित्य तपासून दाखविले की, नियम पाळून देवाची मर्जी विकत घ्यावयाची अशी त्या लोकांची समजूत नव्हती. देवाने आपल्यास निवडले आहे हे गृहीत धरून, त्या करारात राहण्यासाठी ते नियम पाळीत. सँडर्स ह्यांच्या सर्वच मतांशी सर्व पंडित सहमत नाहीत. परंतु तेव्हापासून जुने सोपे चित्र पूर्वीच्या निश्चिंतपणे कोणास रंगविता आलेले नाही.

नियम आहेत तरी कसले? तिसऱ्या शतकातील रब्बी सिम्लाई ह्यांनी त्यांची संख्या ६१३ सांगितली : २४८ करावयाच्या गोष्टी व ३६५ न करावयाच्या. त्यांपैकी पुष्कळ मंदिर व यज्ञ ह्यांविषयी असल्यामुळे आज पाळता येत नाहीत. परंतु उरलेल्यांकडे नीट पाहावे. शेताची कापणी करताना कडेचे पीक कापू नये व पडलेली कणसे वेचू नयेत, ती गरीबांची व उपऱ्यांची. रूथ ही मवाबी विधवा ह्याच नियमामुळे बवाजाच्या शेतात आली. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नये. गरीबाचे पांघरूण गहाण घेतले तर सूर्यास्ताच्या आत परत करावे, नाहीतर तो काय पांघरून निजेल? नवे घर बांधल्यास धाब्याला कठडा करावा, म्हणजे कोणी पडून मरावयाचा नाही. बहिऱ्यास शिव्या देऊ नयेत, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये. आणि शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करावी हा नियमही ह्याच नियमशास्त्रातला, लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायातला, मजुरीच्या नियमापासून चारपाच वचनांवर आहे. प्रीती एका पुस्तकात व नियम दुसऱ्या पुस्तकात अशी वाटणी देवाने केलेली नाही.

येथेच आमच्या मते मुख्य नैतिक प्रश्न येतो. ज्याच्या मनात प्रीती आहे त्यास नियमांची गरज काय? उत्तर असे की, प्रीती ही भावना म्हणून फार लवकर तृप्त होते. आपणांस कोणाविषयी कळवळा वाटला, की काही केल्यासारखेच वाटू लागते. नियम त्या कळवळ्यास विचारतो : कोणासाठी? कधी? किती? मजुरी आज सूर्यास्तापूर्वी द्यावयाची की पुढल्या आठवड्यात? कठडा बांधला काय? ज्याने कठडा बांधला नाही तो शेजाऱ्यावर प्रीती करतो असे आपण कसे म्हणावे?

इ. स. ७० मध्ये रोमी सैन्याने यरुशलेमेतील मंदिर जाळले. वेदी गेली, यज्ञ गेले. त्या वेळी योहानान बेन जक्काई व त्यांचे शिष्य याव्ने येथे जमले, आणि प्रार्थना, अभ्यास व दयेची कृत्ये ह्यांवर समाजाचे जीवन उभे राहिले. सुमारे इ. स. २०० मध्ये रब्बी यहूदा हन्नासी ह्यांनी तोंडी चालत आलेले निर्णय मिश्ना ह्या संग्रहात आणिले. त्यावरील चर्चांतून पुढे दोन तालमुद तयार झाले, एक पॅलेस्टाइनमध्ये व दुसरा, अधिक मोठा, बाबेलमध्ये. ह्या ग्रंथांचा एक विशेष असा की, त्यांत हरलेल्या पक्षाचे मतही जपून ठेवलेले असते. निकाल एक, परंतु वाद सगळा.

हे नियम दगडाप्रमाणे अचल राहिले असा आपला समज असतो. तीन उदाहरणे पाहा. डोळ्याबद्दल डोळा हा नियम आपण सूडाचा नमुना म्हणून सांगतो. मिश्नामध्ये मात्र इजा करणाऱ्याने पाच गोष्टींची भरपाई द्यावी असे ठरलेले आहे : शरीराचे नुकसान, वेदना, औषधोपचार, बुडालेली मजुरी आणि झालेली अप्रतिष्ठा. प्रत्यक्ष डोळा काढण्याचा प्रश्न रब्बींनी निकालात काढला होता. दुसरे उदाहरण कर्जाचे. सातव्या वर्षी कर्ज माफ व्हावे असे अनुवादाच्या पुस्तकात आहे. हेतू गरीबांचे कल्याण. परंतु झाले असे की, सातवे वर्ष जवळ आले की सावकार कर्ज देईनात, आणि गरीबांचीच अडचण झाली. तेव्हा हिल्लेल ह्या गुरूंनी कर्जाची वसुली न्यायसभेच्या हाती सोपविण्याची तोड काढली. त्यामुळे कर्ज बुडेना व गरीबास ते मिळू लागले. नियमाचे अक्षर व नियमाचा हेतू ह्यांत ओढाताण झाली तेव्हा हेतू वाचविण्याची वाट शोधली गेली.

तिसरे उदाहरण शब्बाथाचे, आणि ते सर्वांत महत्त्वाचे. मिश्नामध्ये शब्बाथ दिवशी वर्ज्य अशी एकोणचाळीस प्रकारची कामे सांगितली आहेत : नांगरणे, पेरणे, कापणे, दळणे, शिवणे, लिहिणे, अग्नी पेटविणे वगैरे. वाचताना आपणांस हसू येते. परंतु मक्काबींच्या काळी, ख्रिस्तपूर्व १६७ च्या सुमारास, शब्बाथ मोडावयाचा नाही म्हणून सुमारे हजार माणसे, बायकामुलांसह, हात न उचलता मारली गेली. त्यानंतर मत्तथ्या व त्याच्या सोबत्यांनी ठरविले की, हल्ला झाल्यास शब्बाथ दिवशीही आपले रक्षण करावे. पुढे रब्बींनी हे तत्त्व पक्के केले : जीव वाचविण्यासाठी शब्बाथ मोडावा, जीव धोक्यात आहे अशी नुसती शंका असली तरी मोडावा, आणि ते काम दुसऱ्या कोणाकडून करवून न घेता समाजातील वडील मंडळींनी स्वतः करावे. मूर्तिपूजा, व्यभिचार व खून ह्या तीन गोष्टी सोडल्या, तर जीव वाचविण्यासाठी इतर आज्ञा बाजूस ठेवता येतात. शब्बाथ मनुष्यांच्या हाती दिला आहे, मनुष्ये शब्बाथाच्या हाती दिलेली नाहीत, असा विचार एका रब्बींच्या नावावर नमूद आहे. प्रभू येशूने शब्बाथाविषयी जे म्हटले ते ज्यांस आठवते त्यांच्या ध्यानी येईल की, तो वाद घरातला वाद होता.

आणि शब्बाथ म्हणजे नुसती मनाई नव्हे. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात त्याचे कारण दिले आहे ते असे की, तुम्ही स्वतः मिसरात दास होता. म्हणून तुमच्या दासाने, दासीने, बैलाने व गाढवानेही विसावा घ्यावा. गुलामास सुटी नसते. ज्यास आठवड्यातून एक दिवस कोणीही कामास जुंपू शकत नाही तो मोकळा मनुष्य होय. यहूदी लोक दरवर्षी तोरेचे वाचन संपवून पुन्हा पहिल्या पानापासून आरंभ करतात, त्या सणास गुंडाळ्या हाती घेऊन सभास्थानात नाचतात. ओझे घेऊन कोणी नाचत नाही.

आपल्या मराठी मुलुखात ह्याची साक्ष देणारे लोक शतकानुशतके राहत आले आहेत. कोकणातील बेने इस्राएल तेलाचा धंदा करीत, परंतु शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून गावकरी त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. हिब्रू भाषा त्यांच्यातून जवळजवळ गेली होती, तोरेची गुंडाळी त्यांच्यापाशी नव्हती. राहिली होती ती सुंता, शब्बाथ, देव एकच आहे ह्या कबुलीचे शब्द, आणि खवले व पर नसलेला मासा न खाण्याची चाल. त्या मासळीवरूनच बाहेरून आलेल्या दावीद रहाबी ह्यांनी त्यांस यहूदी म्हणून ओळखले असे त्यांची परंपरा सांगते. १७९६ मध्ये सामुएल इझेकिएल दिवेकर ह्यांनी मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान बांधविले. जॉन विल्सन ह्या स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८३२ मध्ये त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण सिद्ध केले, हेही आपल्या मिशनांच्या इतिहासाचे पान आहे. एवढ्या काळात ग्रंथ नसताना ज्याने ह्या लोकांस लोक म्हणून राखले, ते चालणेच होते.

मग नियमात दोष नाहीत काय? आहेत, आणि ते झाकण्यात सत्याची सेवा नाही. ह्याच बेने इस्राएलांपैकी पुष्कळ जण १९४८ नंतर इस्राएल देशात गेले. १९६२ मध्ये तेथील मुख्य रब्बींच्या मंडळाने असा आदेश काढला की, त्यांचे लग्न लावण्यापूर्वी त्यांच्या पूर्वजांची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. कारण कोकणात असताना त्यांचे घटस्फोट व विवाह नियमाप्रमाणे झाले असतील काय, अशी शंका होती. ज्यांनी घाणा बंद ठेवून शब्बाथ राखला त्यांच्या मुलांस आता वंशावळ विचारली गेली. त्यांनी यरुशलेमेत निदर्शने केली. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्व बाबतींत यहूदीच आहेत असे जाहीर केले, व पुढे त्या आदेशातून त्यांचे नाव काढण्यात आले. दुसरा दोष स्त्रियांस भोवतो. नवऱ्याने घटस्फोटपत्र दिल्यावाचून यहूदी स्त्रीस पुन्हा लग्न करता येत नाही, आणि दुष्ट नवरा ते अडवून ठेवू शकतो. रब्बींनी वाटा काढल्या. नवरा मेल्याची एकाच साक्षीदाराची साक्ष पुरेशी मानली. सुमारे हजार वर्षांपूर्वी रब्बी गेर्शोम ह्यांनी स्त्रीच्या संमतीवाचून तिला टाकण्यास बंदी केली. इस्राएलने १९९५ मध्ये अशा अडेल नवऱ्यांवर निर्बंध घालण्याचा कायदा केला. तरी हा प्रश्न संपलेला नाही.

तालमुदातच ह्याविषयी एक कथा आहे. एका चुलीच्या शुद्धाशुद्धतेवरून वाद झाला. रब्बी एलिएजर एका बाजूस, बाकी सर्व दुसऱ्या बाजूस. आकाशवाणीने एलिएजरांचा पक्ष उचलून धरिला. तेव्हा रब्बी यहोशवा उभे राहून म्हणाले की, तोरा आता स्वर्गात नाही, निर्णय बहुमताने व्हावयाचा. येथवरची कथा पुष्कळ जण सांगतात. पुढे काय झाले ते कमी सांगितले जाते : विजयी पक्षाने एलिएजरांस बहिष्कृत केले, आणि ती बातमी ऐकून ते वृद्ध गुरू जमिनीवर बसून रडले. ही कथा कोणत्या प्रकरणात घातली आहे? शब्दांनी दुसऱ्यास दुखवू नये ह्या नियमाच्या प्रकरणात. जे नियमाप्रमाणे बरोबर होते त्यांच्याच हातून नियम मोडला गेला, हे त्या ग्रंथाने स्वतःविरुद्ध लिहून ठेविले आहे.

त्याच प्रकरणात एक लहानसा नियम आहे. कोणी बाहेरून विश्वासात आला असल्यास त्यास त्याच्या पूर्वजांच्या गोष्टींची आठवण करून देऊ नये. वाचकहो, ह्यापुढे आम्हांस आपल्या मंडळ्यांविषयी बोलणे प्राप्त आहे. ख्रिस्तात सर्व एक आहेत हे आपण मुलांकडून पाठ करून घेतो. परंतु सोयरीक जुळविण्याची वेळ आली, की ‘हे मूळचे कोण?’ हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो, तीन पिढ्या झाल्या तरी विचारला जातो. आपणांस प्रीतीचा उपदेश कमी पडला काय? उपदेश पुष्कळ झाला. कमी पडले ते एवढेच की, हा प्रश्न विचारणे हे पाप आहे असे कोणी नेमकेपणे सांगितले नाही. तेथे रब्बींचा तो लहानसा नियम आपल्या मोठ्या भावनेपेक्षा पुढे आहे. आणि तो नियम ज्यांचा, त्यांच्याही अधिकाऱ्यांनी १९६२ मध्ये पूर्वजांचीच चौकशी मांडली, हे पाहिले म्हणजे कळते की नियम हाताशी असून भागत नाही, तो आपल्यालाच लावून घ्यावा लागतो.

तर मग पौलाचे काय? तो गमलिएलाच्या पायांशी शिकलेला, स्वतः परूशी. गलतीकरांस लिहिताना त्याने नियमशास्त्रास बालरक्षकाची उपमा दिली आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ शाळामास्तर नव्हे. श्रीमंताच्या मुलास सांभाळून शाळेत नेणारा व आणणारा जो घरचा दास असे, त्याचा तो शब्द आहे. मूल मोठे झाले की त्याचे काम संपते. पण म्हणून तो मुलाचा शत्रू ठरत नाही. पौलाचा लढा मुख्यतः अन्यजातीय विश्वासणाऱ्यांवर सुंता व इतर नियम लादण्याविरुद्ध होता, आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायातील सभेने तोच निर्णय दिला. यहूदी धर्मही परराष्ट्रीयांकडून ६१३ नियमांची अपेक्षा करीत नाही. नोहाच्या वंशजांस म्हणून सांगितलेले सात नियम त्यांस पुरेसे मानतो.

आणखी एक गोष्ट आम्हांस फार विचार करण्याजोगी वाटते. रब्बी सिम्लाई ह्यांच्या ६१३ च्या गणतीनंतर तालमुद सांगतो की, दाविदाने ह्या नियमांचे सार अकरा गोष्टींत आणिले, यशयाने सहांत, मीखाने तिहींत, पुन्हा यशयाने दोहोंत आणि शेवटी हबक्कूकाने एकाच वचनात. ते वचन नीतिमान मनुष्याच्या विश्वासाने जगण्याचे. रोमकरांस व गलतीकरांस लिहिताना पौलाने ज्या वचनावर पाय रोवला ते हेच! आम्हां ख्रिस्ती लोकांचा विश्वास येशू ख्रिस्तावर आहे व यहूद्यांशी आमचा तेथे मतभेद आहे. तो लपविण्याचे कारण नाही. परंतु दोन वाटा एकाच वचनाशी येऊन थांबतात हे पाहिल्यावर एका वाटेस अंधार व दुसरीस उजेड म्हणण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे.

शिक्षकांस आमची तीन लहान विनंत्या आहेत. परूश्यांविषयी शिकविताना निकदेम व गमलिएल हेही परूशीच होते हे मुलांस सांगावे. प्रभूने ज्या ढोंगास फटकारले ते कोणत्या लोकांत होते ह्यापेक्षा ते आपल्यात आहे काय, हे आधी विचारावे. आणि शेजारप्रीतीचा धडा घेतल्यावर मुलांस तेथेच न सोडता हिल्लेलाची गोष्ट सांगावी. एका परक्याने त्यांस, मी एका पायावर उभा आहे तोवर सगळी तोरा शिकवा, असे म्हटले. शम्माई नावाच्या दुसऱ्या गुरूंनी त्यास हाकलून दिले होते. हिल्लेलांनी सांगितले की, तुला स्वतःस जे नको ते दुसऱ्यास करू नको. बाकी सर्व त्याचे विवरण आहे. एवढे सर्वांस माहीत असते. त्यांचे शेवटचे सांगणे मात्र बहुधा गळते : आता जाऊन ते विवरण शीक.

एका पायावर फार वेळ उभे राहता येत नाही. दुसरा पाय टेकून चालावे लागते, आणि चालावयाचे म्हटले की मजुरी, कठडा, पांघरूण, सोयरीक हे सगळे वाटेत येतेच. त्या प्रत्येक ठिकाणी प्रीतीने काय करावयाचे, हे शिकणे ओझे आहे काय, ते ज्याने त्याने आपल्या चालण्यावरून ठरवावे.